नवव्या खंडाची नोंद

आमच्या वाचनालयातला सगळ्यात मोठा वाचक वारला, आणि वारल्यावरही सहा वर्षं वाचत राहिला. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, शेळीपालन, बागकाम, समोर येईल ते. दर आठवड्याला एक पुस्तक न्यायचा आणि वेळेवर आणून द्यायचा. जिवंतपणी हा गृहस्थ फक्त पेपरातलं राशिभविष्य बघायला येत असे. देवघेव नोंदवहीत त्याच्या नावापुढं जे काही आहे ते माझ्या अक्षरात आहे, कारण त्याच्या वतीनं मीच वाचत होतो. म्हणजे वाचत मीही नव्हतो, नुसता लिहीत होतो.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून माझ्याकडं ग्रंथपालाचे अनुभव मागितले. वाचनसंस्कृतीबद्दल चार चांगले शब्द लिहा, असंही म्हणाले. ‘वाचनसंस्कृती’ या शब्दाचा मला वीट आला आहे. ज्याला स्वतःला वाचायचं नसतं तो माणूस व्यासपीठावर चढला की हा शब्द हमखास वापरतो, आणि अशा व्यासपीठांपुढं सतरंज्या अंथरण्यात माझी निम्मी नोकरी गेली. जालना जिल्ह्यात, मंठा आणि परतूरच्या मधल्या पट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावात मी एकतीस वर्षं वाचनालय सांभाळलं. गावाचं नाव लिहीत नाही. का लिहीत नाही ते शेवटी कळेल, आणि कळल्यावर माझ्याबद्दल तुमचं मत फारसं बरं राहणार नाही.

ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, पंख्याखाली बसून दिवसभर पुस्तकं वाचणारा सुखी प्राणी. नोकरीला लागताना मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात सकाळी कुलूप उघडायचं, झाडू मारायचा, पेपर टेबलावर मांडायचे आणि नोंदवह्या सांभाळायच्या. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. कोणी घरी नेलं की देवघेव नोंदवहीत नेणाऱ्याचं नाव चढतं. आणि पुस्तक फाटलं, वाळवीनं खाल्लं किंवा वर्षानुवर्षं कोणी त्याला हात लावला नाही, की वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या ठरावानं ते काढून टाकतात, त्याला निर्लेखन म्हणतात. माणसाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीसारखंच हे काम, फक्त इथं मरण ठरवायला बैठक बसते आणि बैठकीत चहा असतो.

वाचनालयाचा सरकारी दर्जा आणि त्यावर मिळणारं अनुदान टिकवायचं तर गावातली माणसं पुस्तकं नेतात हे कागदावर दिसावं लागतं. माणसं नेत नव्हती. मग तपासणीच्या आधीचा पंधरवडा मी देवघेव भरायला बसत असे. दुसऱ्या गावांचं मला माहीत नाही, मी माझं सांगतो. त्यातही कसब आहे. तीन वेगवेगळी पेनं घ्यायची, त्यातलं एक गळकं. कोणाचं पुस्तक दोन दिवस उशिरा आणायचं, कोणाचं लवकर. अधूनमधून पानावर चहाचा कप ठेवायचा. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडं कोणी पुस्तक न्यायला येत नाही, त्यामुळं ती ओळ रिकामी सोडायची. ही शेवटची गोष्ट नवशिक्याला सुचत नाही. मला पहिल्याच वर्षी सुचली होती, आणि तेव्हा मला त्याचा चांगलाच अभिमान वाटला होता.

एकदा मात्र अंगाशी येता येता राहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांना खरोखरच वाचायची आवड होती, असा एखादा निघतो. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, हे शेषराव कोण, यांनी मेसोपोटेमियावरचं पुस्तक दोनदा नेलंय, यांना भेटू. शेषरावांचं किराणा दुकान वाचनालयाच्या समोरच.  साहेब दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि मेसोपोटेमिया कसा वाटला म्हणून विचारलं. शेषरावांनी तराजू खाली ठेवला, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “चांगला हाय साहेब. पण आता माल येत न्हाई.” साहेब हसले, पाठीवर थाप मारून निघून गेले. दर्जा टिकला.

हा किस्सा मी कित्येक लग्नाच्या पंगतीत सांगितला आहे आणि लोक हसले आहेत. ज्याच्यावर मी कधी हसू शकलो नाही ते आता सांगतो.

वाचनालयात एक काचेचं कपाट होतं. त्यात जगाच्या इतिहासाचे मराठीतले बारा खंड होते, हिरव्या कापडी बांधणीचे, मध्ये घडी घातलेले नकाशे. गावातले एक जुने हेडमास्तर वारले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी ते आणून दिले. मी नोकरीत नवा होतो. खंड बघून ऊर भरून आला. कोणी पान फाडील, नकाशा काढून नेईल, या भीतीनं मीच मंडळाला सुचवलं की यांच्यावर ‘संदर्भ’ असा शिक्का मारू. तो शिक्का बसला की पुस्तक घरी देता येत नाही, तिथंच बसून वाचायचं. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या खिशात ठेवली. अठ्ठावीस वर्षं ती किल्ली वर्षातून दोनदा धूळ पुसण्यापुरती निघाली. मी स्वतः त्यातलं एक पान वाचलेलं नव्हतं. धूळ पुसता पुसता वाचल्यासारखंच वाटायला लागतं.

तोवर वाचनालयाचं रूप बदललं होतं. मोठ्या दालनात अभ्यासिका झाली. पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, असल्या परीक्षांची तयारी करणारी पोरंपोरी सकाळपासून येऊन बसायची. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांचं पोट त्याच्यावर आहे. पण दहा-दहा तास पुस्तकांच्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या त्या मुलांपैकी एकानंही कधी मागं वळून कपाटाकडं पाहिलं नाही. जगाचा इतिहास त्यांच्याकडं होता, प्रश्नोत्तरांत, चार पर्यायांसकट.

अशात एके दिवशी कौशल्याबाई आल्या. मुलीचं नाव अभ्यासिकेत घालायचं होतं. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, आष्टीकडच्या एका खेड्यातली, शेतकरी घरची. आमच्याकडं आता ही पद्धतच पडली आहे. नवरा आणि सासू वावर सांभाळतात आणि बाई लेकरांच्या शिक्षणासाठी बाजाराच्या गावात खोली करून राहते. मी नेमका कपाट उघडून खंड पुसत होतो. पहिला खंड टेबलावर उघडा पडला होता, त्यात इजिप्तमधल्या एका जुन्या मूर्तीचं चित्र होतं. गुडघ्यावर बसलेली बाई दगडावर ओणवी होऊन काहीतरी घासत होती. कौशल्याबाई फॉर्म भरायचा सोडून चित्राकडं बघत राहिल्या. ही दळत असेल तर जातं कुठं आहे, असं त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत. त्यांनी स्वतःच खालचा मजकूर वाचला. फिरतं जातं यायच्या आधी बाया सपाट दगडावरच धान्य भरडत, आणि त्यानं त्यांचे गुडघे आणि पाठीची हाडं झिजलेली सापडतात, असं तिथं लिहिलं होतं. त्यांनी पान उलटलं. मग आणखी एक. मुलगी दारात उभी राहून कंटाळली.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या आल्या आणि ते पुस्तक घरी मिळेल का म्हणाल्या. मुलीच्या अभ्यासाला पाहिजे, असं सांगितलं. मुलगी शास्त्र शाखेला होती हे मीच आदल्या दिवशी फॉर्मवर वाचलं होतं. संदर्भाचं पुस्तक घरी देता येत नाही, इथं बसून वाचा, असं मी म्हणालो. इथं म्हणजे पेपर वाचणाऱ्या पुरुषांच्या टेबलाशी, जिथं माझ्या नोकरीत एकही बाई बसलेली नव्हती.  त्या पायऱ्या उतरायला लागल्या. ज्या माणसानं मेलेल्याच्या नावावर सहा वर्षं पुस्तकं चढवली, त्याला एका जिवंत बाईला पुस्तक देताना नियम आठवला होता. माझी मलाच शरम वाटली. मी त्यांना हाक मारून परत बोलावलं आणि पहिला खंड पिशवीत घालून दिला. फक्त वहीत लिहिलं नाही. शिक्का मारलेल्या पुस्तकापुढं नाव लिहिलं असतं तर पहिल्याच तपासणीत मला जाब विचारला असता.

तेव्हा मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटला होता.

पुढची दोन वर्षं त्या एकेक खंड नेत होत्या. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणायच्या, एसटीच्या तिकिटांच्या खुणा घातलेल्या असायच्या. मुलीच्या अभ्यासाचं सोंग दुसऱ्या खंडालाच संपलं. खंड परत करताना त्या प्रश्न विचारत, आणि त्यांची उत्तरं मला येत नसत. सुरुवातीला मी बघतो, सांगतो, असं म्हणून वेळ मारून नेली. मग लाजेकाजेस्तव त्यांनी परत केलेला खंड मी घरी न्यायला लागलो. पंचावन्नाव्या वर्षी, त्यांच्यामागून एक खंड अंतर ठेवून, मी माझ्याच कपाटातली पुस्तकं वाचू लागलो. माझ्या नोकरीत शिकलेलं म्हणून जे काही आहे ते त्या दोन वर्षांतलं आहे.

त्यांची वाचायची रीत वेगळी होती. राजे, लढाया, सनावळ्या त्या भरभर ओलांडून जात. नाईलचा पूर ओसरला की वावरांचे बांध पुसून जायचे आणि दोऱ्या घेऊन माणसं पुन्हा मोजणी करायची, हे वाचून त्या दोन दिवस खूश होत्या. भाऊबंदांच्या बांधावरून त्यांच्या घरी मोजणी दोनदा आली होती. युरोपातल्या प्लेगचं प्रकरण वाचलं तेव्हा आपल्याकडं कोरोनात गावाच्या रस्त्यावर बाभळीचे काटे टाकले होते त्याची आठवण काढली, आणि तिथल्या लोकांनीही काहीतरी टाकलंच असेल म्हणाल्या. चीनमध्ये पोरींचे पाय बांधून लहान ठेवायचे, ते चित्र होतं त्या पानावर खूण होती, पण त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

मेसोपोटेमियाचं प्रकरण मात्र त्यांच्या घरात शिरलं. तिथल्या लोकांनी शेतांना भरमसाठ पाणी दिलं, जमिनीतलं मीठ वर आलं, गहू येईना म्हणून जव पेरायला लागले, पुढं तोही साथ देईना, असं पुस्तकात आहे. कौशल्याबाईंचं एक खोलगट वावर असंच चोपण झालं होतं, मातीवर पांढरा थर यायचा. त्यांनी नवऱ्याला सांगितलं की उसाला पाणी कमी द्या आणि कडेनं चर काढा. नवऱ्यानं विचारलं, कोण म्हणतं. ह्या म्हणाल्या, पुस्तकात आहे, इराकाकडं असंच झालं होतं. तो चार माणसांत हसला की आमची बायको इराकातल्या लोकांकडून शेती शिकून राह्यली. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यानं चर काढला. हे मला सांगताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. एकतीस वर्षांत पुस्तकानं माणसाचं काही केलं असं मी डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच.

आणखी एक प्रश्न मला विसरता येत नाही. दक्षिण अमेरिकेत लिपी नव्हती, तिथं दोऱ्यांना गाठी मारून धान्याची, माणसांची नोंद ठेवत, असं सातव्या खंडात होतं. त्या दिवशी मी नेमका देवघेव भरत बसलो होतो, तिन्ही पेनं समोर होती.

“गाठी मारणारा माणूसच लबाड निघाला तर, भाऊ?” त्यांनी विचारलं. “मंग पुढच्याला कसं कळणार, खरं काय ते?”

मी वही मिटली. त्यांना माझ्या वहीचं काही माहीत नव्हतं, त्या सरळ मनानंच विचारत होत्या.

दिवाळीच्या आधी त्या नववा खंड घेऊन गावी गेल्या. कापूस वेचणीचे दिवस होते, दीड महिना तरी येणार नव्हत्या. दहावा, अकरावा, बारावा, असे तीन खंड राहिले होते. परत आल्यावर उन्हाळ्यापर्यंत बारा पूर्ण करायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. माझी निवृत्तीही त्याच सुमाराला होती. मी मनात म्हणायचो, चला, दोघं बरोबरच सुटू.

याच महिन्यात आमच्या वाचनालयाच्या सचिवांनी मला बोलावलं. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. माणूस वाईट नाही, नुसता घाईचा. अभ्यासिकेत आणखी वीस खुर्च्या बसवायच्या होत्या, उद्घाटनाला पाहुणे ठरले होते, फलक रंगवायला टाकला होता. जागा पाहिजे होती. नाना म्हणाले, ज्या पुस्तकांना दहा-बारा वर्षांत कोणी हात लावला नाही त्यांची यादी काढा, निर्लेखनाचा ठराव करून टाकू. आणि जाता जाता म्हणाले की सूनबाईच्या अर्जाचं माझ्या लक्षात आहे, तुमच्या जागेवर घरचंच माणूस आलेलं बरं.

माझी सून ग्रंथालयाचा कोर्स करून दोन वर्षं घरी बसली होती. तिचा अर्ज नानांच्या टेबलावर होता. हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला लपवाछपवी करावी लागणार नाही.

यादी काढायची म्हणजे देवघेव नोंदवही समोर घ्यायची आणि ज्या पुस्तकापुढं एकही नाव नाही ते उतरवून काढायचं. मी बसलो. शेळीपालनाची पुस्तकं वाचली, कारण ती मेलेल्या माणसानं नेली होती. मेसोपोटेमियाचं पातळ पुस्तक वाचलं, शेषरावांनी दोनदा नेलं होतं. ज्यांना कोणी कधी उघडलं नव्हतं ती शंभर पुस्तकं माझ्या तीन पेनांनी वाचवली. आणि जगाच्या इतिहासाचे बारा खंड, गावात सगळ्यात मन लावून वाचलेली पुस्तकं, त्यांच्यापुढं तीस वर्षांत एक नाव नव्हतं. ती यादीत पहिली आली. खोट्या नोंदींना वही होती, खऱ्या नोंदीला मी जागाच ठेवली नव्हती.

बैठकीत मी तोंड उघडलं. म्हणालो, हे खंड राहू द्या, हे वाचतात लोक. नानांनी वही माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, “कोण वाचतं? नाव दाखवा, आत्ता काढून टाकतो यादीतून. तुमचंच अक्षर हाय ना हे?”

नाव माझ्या ओठावर होतं. ते घेतलं असतं तर दुसरा प्रश्न आला असता, की शिक्क्याचं पुस्तक दोन वर्षं नोंदीशिवाय बाहेर कसं गेलं. मग वही नीट चाळली गेली असती, मग मेलेला वाचक निघाला असता, आणि सूनबाईचा अर्ज तिथंच संपला असता. सगळे माझ्याकडं बघत होते. मी मूग गिळून बसलो. ठराव झाला, यादीवर ग्रंथपाल म्हणून माझी सही लागते, ती मी केली.  सवयीचा हात होता, झटकन सही झाली.

जालन्याहून रद्दीचा टेम्पो आला तेव्हा यादी हातात घेऊन खुणा करायचं काम माझंच होतं. हिरवे खंड गेले तेव्हा मी बारा वर खूण केली. गेले अकराच होते. तीन खंड हळूच बाजूला काढावेत असं मला वाटलं होतं, खोटं बोलत नाही. नाना शेजारी उभे होते. संध्याकाळी मन राहिना, म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जालन्याला गेलो आणि ते गोदाम शोधून काढलं. रद्दीवाले पुस्तकाचे पुठ्ठे फाडून वेगळे काढतात, पुठ्ठ्याचा आणि कागदाचा ढीग निराळा असतो. हिरव्या पुठ्ठ्यांचा ढीग कोपऱ्यात होता. कागद सकाळीच कारखान्याकडं गेला होता. गोदामातला माणूस म्हणाला, पुठ्ठे पाहिजे असतील तर घेऊन जा काका. मी तसाच परत आलो.

कौशल्याबाई आल्या तेव्हा दुपार होती, अभ्यासिकेत पोरं मान खाली घालून बसली होती. काखेत लुगड्याचं गाठोडं. बोटांना वेचणीच्या बोंडांचे ओरखडे होते. त्यांनी कपाटाच्या जागेकडं पाहिलं. तिथं नव्या खुर्च्या होत्या आणि वर नानांच्या फोटोचा फलक. मग माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं. सुनेचा अर्ज तेवढा सांगितला नाही.

 मग त्यांनी गाठोडं सोडून नववा खंड टेबलावर ठेवला आणि शेवटचं प्रकरण उघडलं. अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांचं ते प्रकरण. गुलाम बायांना दिवसभर कापूस वेचावा लागायचा, संध्याकाळी वजन कमी भरलं की चाबूक. तिथंच तो खंड संपतो. वेचणीला जाताना पुस्तक पिशवीत होतं, असं त्या म्हणाल्या. दुपारच्या भाकरीच्या वेळी वाचलं, दुसऱ्या बायांना वाचून दाखवलं. त्या बाया रोज विचारायच्या, पुढं काय झालं.

“सुटल्या का त्या?”

मी म्हणालो, सुटल्या. लढाई झाली आणि सुटल्या.

“कशा सुटल्या, भाऊ? वेचताना लेकरं कुठं ठेवायच्या त्या? सुटल्यावर कुठं गेल्या, वावर भेटलं का त्यायला?”

मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या मागून चालणारा माणूस, मी आठव्या खंडापर्यंतच आलो होतो. मुलीच्या मोबाइलवर बघता येईल, असं मी सुचवलं. मोबाइलवर दोन ओळीत सुटल्या म्हणून येतं, तेवढं मी बी पाह्यलं, असं त्या म्हणाल्या. मग मी तो नववा खंड त्यांच्याकडं सरकवला. हा तुम्हीच ठेवा ताई, कागदावर हा आता नाहीच आहे, कोणी विचारणार नाही, असं सांगितलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

त्यांनी खंडाला हात लावला नाही.

“दुसऱ्याचं पुस्तक घरात ठिऊन काय करू? माझं एक काम करा. त्या वहीत माझं नाव लिहा. नऊ खंड नेल्ते आणि बराबर वापस आणून दिले, एवढं लिहा. बास.”

मी म्हणालो, आता नाही लिहिता येत.

“एका ओळीत लिहा की.”

वही माझ्यासमोर होती. तीन पेनं खिशात होती. मी त्या वहीत पाऊण गाव वाचायला बसवलं होतं, मेलेले वाचक उठवले होते, पोळ्याची रिकामी ओळसुद्धा विचार करून सोडली होती. एक खरी ओळ लिहायची वेळ आली तेव्हा मी मान हलवली. ती ओळ लिहिली असती तर निर्लेखनाची यादी खोटी ठरली असती, आणि तिच्याखाली माझी सही होती.

त्या भांडल्या नाहीत. लुगड्याच्या तुकड्याची झटकून घडी केली, पिशवीत घातली. जाताना एवढंच म्हणाल्या, “म्हंजे मी काहीच वाचलं न्हाई, असंच ना.” नंतर त्या वाचनालयात आल्या नाहीत. मुलीचा डबा घेऊन यायच्या, पण पायऱ्यांच्या खाली थांबून तिला हाक मारायच्या. मला खिडकीतून दिसायचं. मी एकदा हात केला होता. त्यांनी पाहिलं, आणि डबा देऊन निघून गेल्या.

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ झालं. नानांनी भाषणात सांगितलं की यांच्या कारकिर्दीत गावात वाचनसंस्कृती रुजली, आणि पुरावा म्हणून देवघेवीचे आकडे वाचून दाखवले. टाळ्या पडल्या. शेषराव पहिल्या रांगेत होते, त्यांनी माझ्याकडं बघून डोळा मिचकावला.  सूनबाई पुढच्या महिन्यात कामावर रुजू झाली. ती कामाला चोख आहे, माझ्यापेक्षा बरी आहे, आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं.

नववा खंड माझ्या घरी आहे. तो ना वाचनालयाचा, ना माझा. मी तो वाचून काढला. त्यात जागोजाग एसटीची तिकिटं आहेत, आणि शेवटच्या पानाला थोडा कापूस चिकटलेला आहे, तो मी काढला नाही. दहाव्या खंडासाठी संभाजीनगरची जुनी दुकानं पालथी घातली. कोणाकडं नाही. मिळाला तर त्यांच्या खोलीवर नेऊन द्यायचा असं मनात होतं. आता मुलीचं शिक्षण झालं, त्यांनी खोली सोडली असं कळलं.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा वाटलं होतं, वहीत नाही तर नाही, इथं तरी ती ओळ लिहून टाकू. नऊ खंड नेले, नऊ परत केले, खाली त्यांचं नाव. पण अंक गावात येतो. नाना वाचत नाहीत, पण त्यांना कोणीतरी वाचून दाखवील. सून त्याच टेबलाशी बसते, त्याच वह्या सांभाळते. मी दोन दिवस कागद समोर ठेवून बसलो, आणि शेवटी गावाचं नाव, माझं नाव, सगळंच गाळलं. वर मी त्यांना कौशल्याबाई म्हटलं आहे. ते त्यांचं नाव नाही.